स्टेज नेममध्ये चिन्ह हवंय? मग आधी नाव कागदावर असं पक्कं करा

स्टेज नेमच्या बाबतीत नव्या कलाकारांची गल्लत बहुतेक वेळा एकाच जागी होते. पोस्टरवर झळकणारं चिन्ह आणि कायद्याच्या लेखी असलेलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळतं तेव्हा मानधनाचा चेक बँकेतून परत आलेला असतो किंवा गाणं भलत्याच गायकाच्या पानावर जाऊन बसलेलं असतं. म्हणून सुरुवातीलाच तीन नावं वेगळी धरा. पहिलं आधार, पॅन, पासपोर्टवरचं. दुसरं स्टेज नेम, म्हणजे लोकांच्या तोंडी बसणारं, फोनवर सांगता येणारं, कीबोर्डवर उमटणारं. तिसरं चिन्ह, म्हणजे लोगो. तिन्ही तुमचीच आहेत, पण एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

टोपणनावाने गाणं आपल्याकडे नवं नाही. नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व झाले, रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व, शिवपुत्र कोमकाळीमठ कुमार गंधर्व आणि सौदागर गोरे छोटा गंधर्व. लता मंगेशकरांनी मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते आनंदघन या नावाने. ही सगळी नावं अक्षरांत लिहिता येत होती, त्यामुळे ती कुठल्याच नोंदवहीत अडली नाहीत. अडचण सुरू होते ती अक्षर सोडून चिन्हाकडे वळल्यावर.

आधी प्रिन्सचं प्रकरण समजून घ्या

मिनियापोलिसचा गायक प्रिन्स याने ७ जून १९९३ रोजी, आपल्या ३५व्या वाढदिवशी, नावाच्या जागी एक चिन्ह घेतलं. स्त्री आणि पुरुष यांची खगोलशास्त्रीय चिन्हं एकात गुंफलेली ही आकृती. तिला उच्चार नव्हता. वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीशी त्याचं बिनसलं होतं आणि आपलं नाव हे कंपनीचं भांडवल होऊन बसलंय अशी त्याची तक्रार होती. चिन्ह कोणत्याच कीबोर्डवर नसल्याने ते छापता यावं म्हणून त्याचा फॉन्ट घातलेल्या फ्लॉपी डिस्क वृत्तपत्रांना आणि मासिकांना पाठवाव्या लागल्या. तरी वाचायचं कसं हा प्रश्न उरलाच, आणि पत्रकारांनी ‘पूर्वी प्रिन्स म्हणून ओळखला जाणारा कलाकार’ असं लांबलचक नाव चालवलं. मे २००० मध्ये तो पुन्हा प्रिन्स झाला. तोवर त्याचा वॉर्नरकडचा प्रकाशन-करार संपला होता.

नव्या कलाकाराने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, चिन्ह घेतल्याने करार सुटला नाही. करार माणसाशी असतो, आणि तो माणूस कागदोपत्री प्रिन्स रॉजर्स नेल्सनच होता. कराराप्रमाणे वॉर्नरला अल्बम द्यावेच लागले. दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नाव म्हणून लंगडं पडलेलं ते चिन्ह मालमत्ता म्हणून भक्कम ठरलं. त्या चित्राची कॉपीराइट नोंदणी झालेली होती. एका गिटार बनवणाऱ्याने परवानगी न घेता त्या आकाराची गिटार तयार केली आणि पुढे प्रिन्सने तसलीच गिटार वापरली म्हणून त्याच्यावरच दावा लावला. अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००० साली तो फेटाळला: मूळ चित्राच्या मालकाच्या परवानगीविना त्यावर बेतलेल्या कृतीवर वेगळा कॉपीराइट मिळत नाही. म्हणून चिन्ह जरूर घ्या, पण ते लोगो म्हणून बांधा. नाव म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

सरकारी नोंदीत चिन्ह का बसत नाही

अमेरिकेत एका माणसाने १०६९ हा आकडाच नाव म्हणून मागितला होता. नॉर्थ डकोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये नकार दिला, मग त्याने मिनेसोटात अर्ज केला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७९ मध्ये तेच केलं. मात्र हाच आकडा शब्दांत लिहून नाव म्हणून मागितला तर विचार होऊ शकतो, असं मिनेसोटाच्या न्यायालयाने सुचवलं. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये गायिका ग्राइम्स हिच्या मुलाच्या नावात १२ हा आकडा होता. तिथल्या जन्मदाखल्यावर इंग्रजीच्या २६ अक्षरांपलीकडे काही चालत नाही, आणि पालकांनी आकडा काढून त्या जागी रोमन अंकांची अक्षरं घातली.

भारतात नावात कोणती अक्षरं चालतील हे सांगणारा एकच स्वतंत्र कायदा नाही. अडवतात ते अर्ज आणि यंत्रं. पासपोर्टचं फोटोचं पान उघडून तळाच्या दोन ओळी पाहा. प्रत्येकी ४४ खणांच्या या ओळी विमानतळावरचं यंत्र वाचतं, आणि आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तिथे फक्त रोमन मोठी अक्षरं, अंक आणि < हे भरणचिन्ह बसतं. नावाच्या भागात तर अंकही नाहीत. डॉलर, त्रिकोण, उद्गारचिन्ह यांना जागाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रमाणपत्रांसंबंधीच्या निकालात नावाचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडला, पण म्हणून कुठलीही आकृती नाव म्हणून नोंदवून मिळेल असा अर्थ त्यातून काढू नका.

पायरी १: नाव बोलून, टाइप करून आणि शोधून पाहा

ज्यांना तुमचं नाव ठाऊक नाही अशा चार-पाच जणांना ते फोनवर सांगा आणि व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. निम्म्यांनी वेगवेगळं लिहिलं तर कार्यक्रमाचा आयोजकही तसंच लिहील आणि शोधणारा श्रोताही. मग त्यांनी जे जे लिहिलं ते ते शोधपट्टीत टाकून काय येतं ते पाहा. तीन उद्गारचिन्हांच्या एका अमेरिकन बँडचं नाव ‘चिक चिक चिक’ असं उच्चारतात. शोधयंत्रं विरामचिन्हं गाळतात, त्यामुळे नुसती चिन्हं टाकून हाती काही लागत नाही. उच्चारी नाव जोडीला होतं म्हणून तो बँड सापडतो. इंग्लंडच्या ऑल्ट-जे या बँडने तर जोडी फार नेटकी जमवली आहे. मॅकच्या कीबोर्डवर ऑल्ट आणि जे दाबलं की ∆ उमटतं. बोलायला ऑल्ट-जे, दाखवायला ∆.

एखाद्या अक्षराच्या जागी त्याच्यासारखं दिसणारं चिन्ह बसवणं हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन आपल्या रोमन नावात ‘ए’च्या जागी त्रिकोण वापरतो, वाचणारा न अडखळता ‘ए’ वाचतो आणि शोधणारा साधं अक्षर टाकूनही पोहोचतो. गायिका पिंकच्या नावातलं उद्गारचिन्ह आणि केशाने ‘एस’च्या जागी घातलेलं डॉलरचं चिन्ह याच जातीचं. केशाने २०१४ मध्ये ते काढून टाकलं तरी नाव तेच राहिलं, कारण उच्चार बदलला नव्हता.

आता टाइप करण्याची बाब, आणि इथे सावकाश वाचा. डोळ्यांना सारखी दिसणारी चिन्हं संगणकाला वेगवेगळी असतात. ∆ हे गणितातलं वाढीचं चिन्ह, Δ हे ग्रीक डेल्टा अक्षर आणि ▲ हा भरीव त्रिकोण, ही युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंकेत यादीत, तीन स्वतंत्र अक्षरं आहेत. एका गाण्याला एक आणि पुढच्याला दुसरं वापरलंत तर गाणी ॲप्सवर पोहोचवणाऱ्या वितरण प्रणालीच्या दृष्टीने ते दोन कलाकार. तुमचं चिन्ह नेमकं कोणतं ते एकदाच ठरवा, त्याचा युनिकोड क्रमांक नोंदवून ठेवा आणि दर वेळी त्या नोंदीतूनच कॉपी करून चिकटवा. प्रिन्सचं चिन्ह युनिकोडमध्ये नाही. तुम्ही स्वतः काढलेलं चिन्हही नसणार, तेव्हा ते मजकुरात कधीच टाकता येणार नाही हे धरून चाला.

देवनागरीतही हीच गोम आहे. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर आणि ‘अ’ला चंद्र जोडून केलेलं अक्षर पडद्यावर सारखं दिसतं, पण ते दोन वेगळे संकेत आहेत आणि यंत्र त्यांना आपोआप एक मानत नाही. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने किंवा साध्या ‘र’नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. दुसऱ्या पद्धतीतलं ते अदृश्य चिन्ह काही प्रणाली साफसफाई करताना काढून टाकतात, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. नावात अशी अक्षरं असतील तर पहिला प्रकार वापरा आणि अपलोड झाल्यावर प्रत्येक ॲपवर डोळ्यांनी तपासा.

रोमन स्पेलिंगही एकच ठेवा. ‘ज्ञ’ असलेलं नाव आपण मराठीत डी-एन-वाय असं लिहितो, हिंदी पट्ट्यात जी-वाय. पत्रिकेवर एक आणि यूट्यूबवर दुसरं झालं की तुमचे श्रोते विभागले जातात. इन्स्टाग्रामच्या युजरनेममध्ये फक्त रोमन अक्षरं, अंक, टिंब आणि अधोरेषा चालतात, कमाल ३०. म्हणजे चिन्हाविना चालणारं रोमन रूप तुम्हाला तसंही लागणारच आहे.

पायरी २: नाव आधीच कुणाचं आहे का ते पाहा

हा शोध गाणं बाहेर काढण्याआधी करायचा. ब्लिंक नावाचा आयरिश बँड आधीपासून होता म्हणून अमेरिकन बँडला ब्लिंक-१८२ व्हावं लागलं. कॅनडात ‘द वीकेंड’ नावाचा बँड होता म्हणून गायक द वीकेंडच्या स्पेलिंगमधलं एक ‘ई’ गेलं. इंग्लंडचा स्वेड अमेरिकेत ‘लंडन स्वेड’ या नावाने विकावा लागला. सगळ्यात बोलकं उदाहरण अलीकडचं. २०२० मध्ये लेडी अँटेबेलम या नामांकित त्रिकुटाने नाव आखडून ‘लेडी ए’ केलं, आणि त्याच नावाने आधीपासून गाणारी सिएटलची ब्लूज गायिका पुढे आली. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड व्हायला २०२२ उजाडलं. ती गायिका फार प्रसिद्ध नव्हती. आधी वापर तिचा होता, एवढं वाद उभा राहायला पुरलं.

शोध तीन ठिकाणी करा. पहिलं, स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब आणि जिओसावन. दुसरं, इन्स्टाग्राम आणि वेबसाइटचं डोमेन. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, केंद्र सरकारच्या आयपी इंडिया संकेतस्थळावरची ट्रेडमार्कची सार्वजनिक शोधसेवा. तिथे तीन पर्याय आहेत: शब्द, उच्चार आणि व्हिएन्ना कोड. नुसता शब्द शोधून थांबू नका. ‘एस’ऐवजी ‘झेड’ घातलं किंवा ‘ए’ऐवजी त्रिकोण घातला तरी कायदा उच्चारातलं साम्य बघतो, म्हणून उच्चाराचा पर्याय आवर्जून वापरा. चिन्हासाठी व्हिएन्ना कोड. आकृत्यांची ही आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे: तारे १.१, क्रॉस २४.१३, वर्तुळं २६.१, त्रिकोण २६.३. कोडासोबत वर्ग क्रमांक, म्हणजे ट्रेडमार्क कोणत्या वस्तूंसाठी वा सेवांसाठी आहे त्याचा क्रमांक, द्यावा लागतो. संगीतासाठी ४१ (कार्यक्रम, मनोरंजन) आणि ९ (ध्वनिमुद्रणं) हे दोन्ही पाहा.

चिन्हावरून मोठ्या कंपनीशी कशी गाठ पडते ते डेडमाउस या कॅनडाच्या डीजेच्या बाबतीत दिसलं. त्याच्या नावाच्या शेवटी ‘एस’च्या जागी ५ आहे, पण वाद त्या ५वरून झाला नाही. मोठ्या गोल कानांचं उंदराचं मुखवटा-शीर ही त्याची खूण. तिच्या अमेरिकेतल्या ट्रेडमार्क अर्जाला २०१४ मध्ये डिस्नेने हरकत घेतली आणि २०१५ मध्ये तडजोड झाली.

पायरी ३: या नावांना आणि चिन्हांना हात लावू नका

१९५० चा बोधचिन्हं व नावं (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा व्यापारी वापरासाठी काही नावं आणि चिन्हं बंद करतो. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र त्या अनुसूचीत आहे. महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांचंही. राष्ट्रध्वज आणि राजमुद्रा तर आहेतच. महाराष्ट्रात बँडला महाराजांचं नाव द्यावंसं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे, पण ट्रेडमार्क म्हणून ते मिळणार नाही. पांढऱ्यावर लाल अधिक-चिन्हही टाळा. रेड क्रॉसच्या चिन्हाचा वापर १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने राखून ठेवलेला आहे.

धार्मिक भावना दुखावू शकेल असं चिन्ह ट्रेडमार्क कायद्याच्या ९व्या कलमात अडकतं. धर्मग्रंथाच्या नावावर मक्तेदारी मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘रामायण’ या शब्दाबाबत सांगितलं आहे. हयात असलेल्या किंवा निधनाला २० वर्षं न झालेल्या व्यक्तीचं नाव घेतलंत तर ट्रेडमार्क निबंधक त्या व्यक्तीची किंवा वारसांची संमती मागू शकतो (कलम १४). ऑर्केस्ट्रामधल्या ‘ज्युनिअर अमुक’ या चालीनेही आता जपून जावं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या नावाला आणि आवाजाला अंतरिम संरक्षण दिलं, तेव्हा बड्या गायकाच्या नावावर आपलं नाव उभं करणं धोक्याचं आहे.

पद्म पुरस्कार मिळाला तरी तो नावाआधी लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या डिसेंबरात तसा निकाल दिलेला असूनही कार्यक्रमांच्या पत्रिका ‘पद्मश्री’ने सुरू होतात. गुरुजींच्या सन्मानाची आठवण निवेदनात करावी, नावाला जोडून छापू नये.

पायरी ४: चिन्ह काढून घ्या, पण मालकीसकट

लोगो मित्राने काढला, त्याला पैसे दिले, म्हणजे तो आपला झाला असं होत नाही. कॉपीराइट कायद्यात पहिला मालक साधारणपणे काढणारा कलावंत असतो, आणि हक्क तुमच्याकडे यायला कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेलं हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. एका पानाच्या पत्रात हे सगळं यावं: चिन्हाचं चित्र, सर्व हक्क, संपूर्ण मुदत, संपूर्ण जग, दिलेली रक्कम आणि हक्क ठरावीक काळात वापरले नाहीत तरी परत जाणार नाहीत असं वाक्य. शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं तर एका वर्षात न वापरलेले हक्क परत गेले असं मानलं जातं. सोबत मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी रेषा न फाटणारी) घ्या, कारण फोटो मोठा केल्यावर फ्लेक्सवर फाटतो. ॲपमधल्या तयार टेम्प्लेटवरून केलेला लोगो दुसऱ्या कुणाकडेही असू शकतो, त्यावर हक्क सांगता येत नाही.

पायरी ५: पैसे आणि करार खऱ्या नावाने

टोपणनावाने काम करणं कायदेशीर आहे. फसवणुकीचा हेतू नसला की झालं. त्यासाठी नाव बदलावं लागत नाही. एल्टन जॉन यांनी १९७२ मध्ये नाव कायदेशीररीत्या बदलून घेतलं, लेडी गागाने नाही. दोघांच्याही कारकिर्दीचं काही अडलं नाही.

करारात पक्षाचं नाव असं लिहा: ‘श्री./श्रीमती (पॅनवरील पूर्ण नाव), उर्फ (स्टेज नेम), यापुढे कलाकार’. सही कागदावरच्या नावाची. चिन्ह काढून सही करायची हौस असेल तर ती अल्बमच्या कव्हरवर करा. आयोजकाला बिल देताना वर मोठं स्टेज नेम, खाली ‘पेमेंट या नावाने’ म्हणून खातेदाराचं नाव, पॅन आणि खाते क्रमांक. चेक स्टेज नेमवर निघाला तर बँक तो तुमच्या बचत खात्यात घेणार नाही, आणि टीडीएस चुकीच्या पॅनवर जमा झाला तर आयोजकाकडून विवरण दुरुस्त करून घेण्यात महिने जातात. स्टेज नेमवरच पैसे घ्यायचे असतील तर त्या नावाने एकल मालकीचा व्यवसाय दाखवा: लघुउद्योगांची उद्यम नोंदणी (ती मोफत आहे) आणि गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना नोंदणी, मग चालू खातं. इथेही नाव अक्षरांतच द्या.

कंपनीशी करार करताना एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचा: स्टेज नेम आणि चिन्ह कुणाचं? कोरियाच्या ‘बीस्ट’ गटाने कंपनी सोडली तेव्हा नाव कंपनीकडे राहिलं आणि २०१७ मध्ये त्याच पोरांना ‘हायलाइट’ म्हणून नव्याने उभं राहावं लागलं. तुमच्या करारात मालकी कलाकाराची आणि कंपनीला फक्त करारकाळापुरता प्रसिद्धीचा परवाना, असं लिहून घ्या.

तरीही नाव बदलायचंच असेल, तर महाराष्ट्रात शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करून राजपत्रात प्रसिद्धी घ्यावी लागते. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि बदलाचं कारण लागतं. जुनं आणि नवं नाव अर्जात अक्षर अन् अक्षर ताडून पाहा, छापून आलेली चूक निस्तरायला पुन्हा खेटे घालावे लागतात. राजपत्र हाती आल्यावर आधार, मग पॅन, बँक, पासपोर्ट. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून दर अल्बमला नवं नाव घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

पायरी ६: हक्कसंस्था आणि श्रेयनामावली

हक्कसंस्था म्हणजे कलाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्था. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, गायकांनी इसाम्राचं सदस्यत्व घ्यावं. आयपीआरएसच्या अर्जात खरं नाव आणि सगळी टोपणनावं भरा. जगभरच्या हक्कसंस्था आयपीआय या क्रमांकपद्धतीवर चालतात: माणसाला एक मूळ क्रमांक आणि त्याखाली प्रत्येक नावाला स्वतंत्र नाव-क्रमांक. टोपणनाव जोडलेलं नसलं तर रॉयल्टी आली तरी कुणाची ते जुळत नाही आणि पडून राहते. तसंच प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी असतो. पुढे नाव दुरुस्त करून गाणं पुन्हा टाकावं लागलं तर आयएसआरसी तोच ठेवा, नवा घेतलात की जुनी मोजणी शून्यावर येते.

आणखी एक कलम फार थोड्यांना माहीत असतं. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या रचनेचा कॉपीराइट प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतो. रचनाकाराची ओळख त्या मुदतीत उघड झाली तर मात्र त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं (कलम २३). विशीतल्या गीतकारासाठी हा फरक वारसांच्या एका पिढीएवढा असू शकतो. यूट्यूबच्या वर्णनात किंवा अल्बमच्या नोंदीत एकदा तरी खरं नाव छापून ठेवा.

पायरी ७: अपलोड करताना

वितरकाच्या अर्जात नाव भरताना सारख्या नावाचे कलाकार दाखवले जातात. पहिलं गाणं असेल तर ‘नवीन कलाकार’ निवडा. घाईत दुसऱ्याच्या पानावर टिचकी मारली गेली तर गाणं त्याच्या श्रोत्यांपुढे जातं आणि परत आणायला वितरकाच्या मदतकक्षाशी पत्रव्यवहार करावा लागतो. दुसऱ्या गाण्यापासून स्वतःच्या पानाची लिंक चिकटवा. बहुतेक वितरक इमोजी आणि नक्षीदार अक्षरं परत पाठवतात, म्हणून रोमन रूप साध्या अक्षरांत ठेवा आणि चिन्ह कव्हरवर घ्या.

पायरी ८: ट्रेडमार्क

भारतीय कायद्यात ‘चिन्ह’ या व्याख्येत शब्द, अक्षर, अंक, आकृती, रंगसंगती सगळं बसतं. नाव म्हणून ज्या आकृतीला कुणी दारात उभं करत नाही, तिला इथे मानाची जागा आहे.

शब्द आणि आकृती यांचे वेगळे अर्ज करा. दोन्ही मिळून एकच अर्ज केला तर संरक्षण त्या जुळणीला मिळतं, त्यातल्या सुट्या त्रिकोणावर तुमचा हक्क होत नाही (कलम १७). नुसतं अधिक-चिन्ह किंवा एकच अक्षर वेगळेपणाअभावी नाकारलं जाऊ शकतं. आणि स्टेज नेम साधं पहिलं नाव असेल तर त्याच नावाच्या दुसऱ्याला स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरण्यापासून रोखता येत नाही (कलम ३५).

अर्ज टीएम-ए, ऑनलाइन. व्यक्तीला शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. शब्द आणि आकृती, वर्ग ९ आणि ४१, असा हिशेब १८,००० वर जातो. टी-शर्ट विकणार असाल तर वर्ग २५. पैसे बेताचे असतील तर आधी शब्द वर्ग ४१ मध्ये घ्या. मराठी नावाचं रोमन लिप्यंतर आणि अर्थ अर्जात द्या. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही मुंबईच्या अँटॉप हिल कार्यालयाखाली येतात.

अर्जात ‘वापर कधीपासून’ हा रकाना असतो. जुनी तारीख टाकली तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात: तारीख असलेली पत्रिका, बिलं, वितरकाचे हिशेब, टीडीएसचं प्रमाणपत्र. हे पहिल्या कार्यक्रमापासून एका फोल्डरमध्ये साठवा. वादात आधीच्या वापराला नोंदणीपेक्षाही वजन असतं. ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षण अहवालात हरकत आली तर उत्तराला एक महिना. ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कुणीही विरोध करू शकतो, आणि विरोधाची प्रत मिळाल्यावर दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे लेखी उत्तर, दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. पुष्कळ अर्ज इथेच मरतात, कारण ईमेल उघडलेलाच नसतो. वर्तुळातलं ‘आर’ ही नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण नोंदणी झाल्यावरच लावा. आधी लावणं कायद्याविरुद्ध आहे. तोवर ‘टीएम’ चालतं.

बँड असेल तर

पहिल्या मानधनाआधी एक पान लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: नाव आणि चिन्ह कुणाचं, एखादा गेला तर नाव कुणाकडे, उरलेले किती असले तर नाव वापरता येईल. शुगाबेब्ज या ब्रिटिश गटाच्या तिन्ही मूळ गायिका एकेक करून बाहेर पडल्या आणि २०१२ मध्ये एकत्र आल्या तेव्हा त्यांना स्वतःच्या पहिल्या नावांवर गावं लागलं. गटाचं नाव २०१९ मध्ये परत मिळालं. ट्रेडमार्क एका सदस्याच्या नावावर काढून बाकीच्यांना तोंडी आश्वासन देणं हा भांडणाचा हमखास रस्ता आहे.

परदेश दौरा असेल तर

तिकीट आणि व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात व्यावसायिक नावांसह इतर नावं विचारतात; तिथे स्टेज नेम द्या, कारण सोबत जोडलेली कात्रणं आणि पोस्टर त्याच नावाची असतात आणि ती तुमचीच आहेत हे अधिकाऱ्याला कळायला हवं. चिन्ह असलेल्या पोस्टरसोबत आयोजकाचं पत्र जोडा, ज्यात खरं नाव आणि स्टेज नेम एकाच वाक्यात आहेत. जर्मनीच्या पासपोर्टवर कलाकारनामासाठी वेगळी जागा आहे, भारताच्या पासपोर्टवर नाही. आणि इथला ट्रेडमार्क फक्त भारतापुरता. शॉन कोम्ब्स या अमेरिकन रॅपरला ‘डिडी’ हे नाव ब्रिटनमध्ये वापरता आलं नाही, कारण तिथे त्या नावाचा संगीतकार आधीपासून होता. ज्या देशात पुन्हा पुन्हा जाणार तिथला शोध वेगळा करा.

ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्षापासून करता येतो, आणि मुदत टळली तरी जादा शुल्क भरून सहा महिने मिळतात. नोंदणीनंतर पाच वर्षांहून अधिक काळ नाव वापरात नसेल तर ते रद्द करून घेण्यासाठी दुसरा अर्ज करू शकतो, तेव्हा गाणी बंद असलेल्या काळातही निदान एखादा कार्यक्रम, एखादं प्रकाशन त्या नावाने आणि त्याच चिन्हासह करत राहा, आणि त्याचं बिल फोल्डरमध्ये टाका.